कुठली सुई कशाला? नंबर, रंग आणि लांबीचा सगळा हिशोब

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलंय की सुया नक्की किती प्रकारच्या असतात, कुठला नंबर कुठल्या इंजेक्शनला वापरायचा, आणि वॉर्डात सिस्टर "हिरवी दे गं" म्हणाल्या की मी दरवेळी चुकीचीच हिरवी का नेऊन देते, हे सगळं पाठ कसं करू. मी २३ वर्षं हेच काम करतेय, आधी मेडिसिन वॉर्ड, मग कॅज्युअल्टी, मग चार वर्षं डायलिसिस, आणि आता नवीन मुलामुलींना शिकवते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाच.

आधी तुझ्या हिरवीचं सांगते कारण त्यात तुझी चूक कमी आणि रंगांचा गोंधळ जास्त आहे. इंजेक्शनच्या सुईच्या बुडाला जो प्लॅस्टिकचा भाग असतो, हब म्हणतो आपण, त्याचे रंग एका स्टँडर्डने ठरलेत आणि आयव्ही कॅन्युला म्हणजे शिरेत बसवायच्या मऊ नळीचे रंग वेगळ्याच स्टँडर्डने, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंजेक्शनच्या सुईत हिरवी म्हणजे २१ गेज, गेज म्हणजे जाडीचा नंबर, आणि कॅन्युलात हिरवा म्हणजे १८. गुलाबी सुई १८ची, गुलाबी कॅन्युला २०चा. पिवळी सुई २०ची, पिवळा कॅन्युला २४चा म्हणजे बाळांना लावतो तो. निळ्यात फरक कमी आहे, सुई २३ आणि कॅन्युला २२. सगळ्यात वाईट राखाडी. मी नवीन असताना नाईटला एक ऍक्सिडेंटचा पेशंट आला, बीपी लागत नव्हतं, डॉक्टर म्हणाले "ग्रे आण पटकन", मी धावत गेले आणि राखाडी हबची सुई घेऊन आले, ती २७ची, केसासारखी बारीक, आणि त्यांना हवा होता १६चा राखाडी कॅन्युला. परत जाऊन योग्य तो आणेपर्यंत गेलेला वेळ मला अजून आठवतो. तेव्हापासून मी रंग तोंडाने बोलत नाही, "अठराचा कॅन्युला", "तेवीसची सुई" असंच बोलते, आणि समोरच्याने रंग सांगितला तर लगेच उलट विचारते की सुई का कॅन्युला, कितीचा. तूही विचार, सीनियर असली तरी विचार, कोणी रागावणार नाही आणि रागावली तरी चालेल.

नंबर उलटा चालतो हे शिकवलं असेलच, गेज वाढला की सुई बारीक. हा हिशोब तार ओढणाऱ्यांच्या धंद्यातून आलाय, तार जितक्या जास्त वेळा लहान लहान छिद्रांतून ओढायची तितका नंबर चढायचा आणि तार बारीक व्हायची. १८ची सुई बाहेरून साधारण १.२ मिमी जाड, २१ची ०.८, २३ची ०.६, २५ची ०.५, २६ची ०.४५ आणि ३०ची ०.३ मिमी. एवढे आकडे डोक्यात बसले की मधले आपोआप बसतात. पण गेज फक्त जाडी सांगतो, लांबी वेगळी छापलेली असते, पाकिटावर २३ गेज १ इंच असं दोन्ही असतं, आणि बरेच जण पहिला आकडा वाचतात, दुसरा वाचतच नाहीत. माझ्या अनुभवात इंजेक्शन नीट न लागण्यात जाडीपेक्षा लांबीच्या चुका जास्त.

आता पाठ करायचं म्हणतेस तर ते करू नकोस, कारण पाठ केलेलं पहिल्या घाईच्या ड्युटीला उडून जातं. सुई उचलायच्या आधी तीन गोष्टी स्वतःला विचारायच्या, औषध कुठवर पोचवायचंय, जाणारं औषध कसं आहे म्हणजे पातळ, घट्ट, तेलकट, आणि किती वेगाने जायला हवं, आणि समोरचा माणूस कसा आहे. कुठवर यावरून लांबी आणि कोन ठरतो, कसं यावरून जाडी ठरते, आणि माणसावरून दोन्हींत फेरफार होतो. खाली जे जे सांगतेय ते याच तीन प्रश्नांतून येतं बघ.

सगळ्यात वरचा थर म्हणजे कातडीच्या आतल्या आत, इंट्राडर्मल. मॅन्टू म्हणजे टीबीची कातडीवरची टेस्ट, बीसीजी म्हणजे टीबीची लस, काही औषधांची स्किन टेस्ट. इथे २६ किंवा २७ची, अर्धा इंच किंवा त्याहून आखूड सुई, १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज, सुई जवळपास कातडीला झोपवलेली, ५ ते १५ डिग्री, बेव्हल म्हणजे टोकाचा तिरका कापलेला भाग वर आकाशाकडे. मॅन्टूला ०.१ मिली गेलं की ६ ते १० मिमीचा पांढरट फुगवटा उठला पाहिजे, संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. फुगवटा उठला नाही तर औषध खाली गेलं, ती टेस्ट वाया, दुसऱ्या जागी किमान ५ सेंमी लांब परत द्यावी लागते. चोळायचं नाही, वर पट्टी दाबून बसवायची नाही. आणि ४८ ते ७२ तासांनी वाचताना लाली मोजू नको, बोटाला जो कडकपणा लागतो तो मोज, हे मी मुद्दाम लिहितेय कारण लालीवर पॉझिटिव्ह लिहिलेले कागद मी पाहिलेत.

त्याच्या खाली चरबीचा थर, सबक्युटेनियस. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, इन्सुलिन, काही लसी. साधारण २५ ते २७ गेज, ५/८ इंच म्हणजे १६ मिमी असेल तर चिमटीत कातडी धरून ४५ डिग्री, सुई आखूड असेल तर सरळ ९०. भरून आलेल्या हेपरिनच्या सिरिंजमध्ये एक छोटा हवेचा बुडबुडा असतो तो काढून टाकू नको, पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो शेवटी जाऊन सुईतलं औषध आत ढकलतो आणि औषध बाहेर गळत नाही. पोटावर द्यायचं तर बेंबीपासून ५ सेंमी सोडून, आणि नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं आणि पेशंट दुसऱ्या दिवशी तो डाग दाखवतो.

इन्सुलिनवर थोडं थांबते कारण इथे चूक झाली तर ती घरी जाऊनही चालूच राहते. पेनच्या सुया आता ४ मिमीच्या मिळतात, ३२ गेज, आणि लोकांना वाटतं की एवढी आखूड सुई जाड माणसाला कशी पुरेल. पुरते, कारण माणूस कितीही जाड असला तरी कातडीची जाडी साधारण २ ते अडीच मिमीच असते, जाड होते ती खालची चरबी, आणि आपल्याला चरबीतच तर जायचंय. लांब सुईने उलट स्नायूत जातं, तिथून इन्सुलिन भराभर शोषलं जातं आणि शुगर अचानक पडते. पेनचं बटण दाबून झालं की दहा आकडे मोजायचे आणि मगच सुई काढायची. जागा रोज बदलायची, आधीच्या टोचणीपासून किमान एक बोट लांब, कारण एकाच जागी टोचून टोचून चरबीच्या गाठी होतात आणि त्या गाठीत टोचायला दुखत नाही म्हणून पेशंट नेमका तिथेच टोचत राहतो, मग इन्सुलिन कधी लागतं कधी नाही. मी शुगर वर-खाली होणाऱ्या प्रत्येक पेशंटचं पोट आधी हाताने चाचपते, डोस वाढवायचं नंतर. आणि सिरिंज वापरत असतील तर टोपी बघ, लाल टोपी ४० युनिटची, केशरी १०० युनिटची, आणि ती बाटलीवरच्या ताकदीशी जुळलीच पाहिजे. १०० ताकदीचं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये १०च्या रेषेपर्यंत भरलं तर आत २५ युनिट जातात. १० सांगितलेले आणि २५ गेले, काय होईल तुला माहितीय.

आता कमरेतलं, दंडातलं, मांडीतलं, इंट्रामस्क्युलर. इथे सुई ९० डिग्री सरळ. दंडाला मोठ्या माणसाला २३ची १ इंच म्हणजे २५ मिमी बहुतेक वेळा पुरते, वजन जास्त असेल तर दीड इंच म्हणजे ३८ मिमी घ्यावी लागते, आणि नवजात बाळाला मांडीत १६ मिमी, महिना झाला की २५. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला दंडात देत नाहीत कारण तिथे पुरेसा स्नायूच नसतो, मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं. दंडात १ मिलीपर्यंत ठीक, २ च्या वर जाऊ नको. दंडाची जागा शोधताना खांद्याचं वरचं हाड चाचपून त्याच्या खाली दोन-तीन बोटं, खूप वर टोचलं तर सांध्यात जातं आणि माणसाचा हात महिनोन्‌महिने वर जात नाही.

कमरेच्या इंजेक्शनबद्दल मला ठाम बोलायचंय. आपण पूर्वापार ढुंगणाच्या वरच्या बाहेरच्या चौकोनात देत आलो, मीही सुरुवातीची कित्येक वर्षं तेच केलं, पण तिथून सायटिक नस आणि मोठी धमनी फार लांब नाही, आणि तिथली चरबी इतकी जाड असते की दीड इंची सुईसुद्धा कित्येकदा स्नायूपर्यंत पोचत नाही. कुशीवर झोपवून बाजूच्या कमरेत, व्हेंट्रोग्लुटियल म्हणतात ती जागा, ती शीक. डाव्या कमरेला उजवा हात, तळवा मांडीच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यावर, तर्जनी पुढच्या हाडाच्या टोकावर, मधलं बोट मागे हाडाच्या कडेने पसरवायचं, जी दोन बोटांमध्ये जागा बनते तिथे मधोमध. मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही, चरबी कमी. पहिल्या दहा वेळा हात चाचरेल, नंतर डोळे मिटून सापडते.

कसं औषध आहे यावर जाडी ठरते म्हणाले ना, त्याचं उत्तम उदाहरण बेंझाथिन पेनिसिलिन. दह्यासारखं घट्ट, २३ची सुई घेतलीस तर अर्ध्यावर अडकणार आणि पेशंट ओरडत असताना तू पिस्टन दाबत बसणार. २१ किंवा त्याहून जाड घे, नीट हलवून विरघळव, भरून झालं की वेळ घालवू नको, आणि एकदा टोचलं की हळू पण न थांबता एकसारखं दे, थांबलीस की अडकलंच. आणि हे कधीही शिरेत जाता कामा नये. तेलातली इंजेक्शनं पण २१वर. पाण्यासारखी पातळ औषधं, लसी, २३ ते २५वर आरामात जातात. आयर्नसारखं डाग पाडणारं औषध असेल तर झी-ट्रॅक, म्हणजे कातडी एका बाजूला दोन-तीन सेंमी ओढून धरायची, टोचायचं, दहा सेकंद थांबायचं, सुई काढायची आणि मग कातडी सोडायची, आतली वाट वाकडी होते आणि औषध परत वर येत नाही. भरताना वापरलेली सुई टोचताना बदलायचीच, बाहेरून लागलेलं औषध वाटेत सगळीकडे लागतं.

टोचल्यावर मागे ओढून रक्त बघायचं का यावर मुली नेहमी भांडतात. लसींना गरज नाही, जागा बरोबर असेल तर, आणि बाळाला उगाच जास्त वेळ दुखतं. ढुंगणाच्या जुन्या जागेत देणार असशील तर मात्र ओढून बघ, तिथे रक्तवाहिनी आहे.

औषध भरायच्या सुया वेगळ्याच असतात हे बऱ्याच ठिकाणी शिकवत नाहीत. बोथट टोकाची १८ची भरण्याची सुई असते, तिने व्हायलमधून म्हणजे रबरी झाकणाच्या बाटलीतून काढायचं, बोटाला लागायची भीती कमी. आणि फिल्टरवाली पण असते, ५ मायक्रॉनची जाळी असते आत, काचेची अँप्युल फोडली की काचेचे बारीक कण औषधात पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, ते ही सुई अडवते. पण फिल्टरच्या सुईने काढलं तर तीच सुई लावून टोचायचं नाही, सगळी काच परत पेशंटच्या अंगात. व्हायलच्या रबरात जाड सुई उभी घुसवली की रबराचा तुकडा निघून आत पडतो, म्हणून बेव्हल वर ठेवून थोडी तिरकी घुसवायची आणि मग सरळ करायची.

आता कॅन्युला, कारण तुझं अर्धं आयुष्य यात जाणार आहे. कॅन्युला म्हणजे सुई नाहीच खरं तर, आत सुई आणि वर मऊ प्लॅस्टिकची नळी, सुई फक्त वाट करून देते आणि बाहेर येते. नंबर असे, १४ केशरी, १६ राखाडी, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा, २६ जांभळा. किती वेगाने जातं हे पाकिटावरच छापलेलं असतं, कंपनीप्रमाणे थोडं फरकाने, पण ढोबळ १८ला मिनिटाला ९०-१०० मिली, २०ला ६०, २२ला ३५, २४ला २०. एक नंबर जाड घेतला तर वेग थोडा न वाढता एवढा का उडी मारतो, तर नळीतला प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो, त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट. आणि लांबी वाढली की प्रवाह कमी होतो, म्हणूनच रक्तस्राव चालू असलेल्या माणसाला गळ्यातल्या लांब सेंट्रल लाईनपेक्षा हातातले दोन आखूड जाड कॅन्युला, १४ किंवा १६चे, जास्त लवकर भरतात.

पण म्हणून सगळ्यांना १८ लावत सुटू नको. शिरेला चालेल असा आणि कामाला पुरेल असा जो सगळ्यात बारीक कॅन्युला असेल तोच बरोबर, नळीच्या बाजूने रक्त वाहत राहिलं तर शीर सुजत नाही. साध्या अँटिबायोटिकला आणि सलाईनला २०-२२ खूप झालं. म्हाताऱ्या, कातडी कागदासारखी झालेल्या माणसाला २२ किंवा २४. ऑपरेशनला जाणाऱ्याला १८. सीटी स्कॅनमध्ये मशीनने कॉन्ट्रास्ट म्हणजे फोटोत नीट दिसावं म्हणून द्यायचं औषध ढकलणार असतील तर कोपराजवळ १८ किंवा २०, हाताच्या पंज्यावरचा २४ तिथे चालत नाही. रक्त चढवायला १८च लागतो असं सगळे म्हणतात पण सावकाश चढवायचं असेल तर २२वरही जातं, लहान मुलांना आपण २४वर चढवतोच की, घाईत चढवायचं असेल तरच जाड पाहिजे.

लावताना टूर्निकेट म्हणजे हाताला आवळायचा पट्टा मिनिटभराच्या वर ठेवू नको. आधी हाताने शीर शोध, डोळ्याने नंतर, दिसणाऱ्या शिरेपेक्षा बोटाला रबरासारखी उसळणारी शीर चांगली. खालून वर जायचं, पहिल्यांदाच कोपरात लावलास आणि तो आऊट झाला तर त्याच्या खाली लावायला जागा उरत नाही. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला हात, स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढलेली बाजू, लुळा पडलेला हात, हे सोडून. स्पिरिट लावलं की वाळू दे, ओल्यात टोचलं की जास्त झोंबतं आणि जंतूही पुरते मरत नाहीत. १५ ते ३० डिग्री, मागच्या कप्प्यात रक्त दिसलं की तिथेच थांबून कोन खाली घे, दोन-तीन मिमी अजून पुढे, मग सुई तिथेच धरून फक्त नळी पुढे सरकव. रक्त दिसल्या दिसल्या नळी ढकलणं ही सगळ्यात कॉमन चूक, सुईचं टोक शिरेत असतं पण नळीचं टोक अजून बाहेर असतं. आणि एक कधीच करायचं नाही, थोडी मागे घेतलेली सुई परत नळीत पुढे घालायची नाही, नळी आतून कापली जाऊन तिचा तुकडा रक्तात वाहून जाऊ शकतो. दोनदा जमलं नाही तर हात धुवून दुसऱ्याला बोलव. पेशंटच्या हातावर आपली जिद्द काढायची नसते.

स्काल्प व्हेन म्हणजे बटरफ्लाय, पंखांची, २१, २३, २५ मध्ये येते. रक्त काढायला, एखादं इंजेक्शन एकदाच शिरेतून द्यायला उत्तम, पंख धरल्यामुळे हात स्थिर राहतो. पण तिच्यावर सलाईन चालू ठेवून जाऊ नको, ती स्टीलची आहे, पेशंटने हात हलवला की शीर फाडते आणि औषध बाहेर मांसात जातं. कातडी जाळणारी औषधं असतील तर हा विचारच नको.

रक्त काढायच्या व्हॅक्यूमच्या सुईला दोन टोकं असतात, पुढचं शिरेत आणि मागचं ट्यूबच्या झाकणात, मागच्या टोकावर रबराची टोपी असते म्हणून ट्यूब बदलताना रक्त सांडत नाही. २१ किंवा २२ घे, फार बारीक सुईने जोरात ओढलं तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं. ट्यूबचा क्रम आधी ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, मग सीरमची लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपरिन, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळी आधी भरली तर तिच्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पुढच्या ट्यूबमध्ये जातं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं, मग रिपोर्ट बघून डॉक्टर धावत येतात आणि पेशंट मस्त बसलेला असतो. बटरफ्लायने निळी ट्यूब पहिली भरणार असशील तर आधी एक टाकाऊ ट्यूब लाव, नळीतली हवा त्यात जाऊ दे, नाहीतर निळी कमी भरते आणि प्रमाण बिघडतं.

फिस्टुलाची सुई माझ्या जिव्हाळ्याची. १४ ते १७ गेज, पेशंट आठवड्यातून तीनदा दोन-दोन अशा सुया सोसतो, कित्येक वर्षं. नवीन फिस्टुलाला सुरुवात १७ने करायची आणि पंपाचा वेगही कमी ठेवायचा, शीर तयार झाली की १६, १५. रक्त बाहेर ओढणारी सुई लाल क्लॅम्पची, तिला बहुतेक वेळा मागच्या बाजूला एक जास्तीचं भोक असतं म्हणजे टोक शिरेच्या भिंतीला चिकटलं तरी रक्त येत राहतं, परत देणारी निळी. टोचायच्या आधी दरवेळी हात ठेवून थरथर बघायची, थरथर नसेल तर टोचायचं नाही, आधी डॉक्टर. जोडाच्या जागेपासून किमान ३ सेंमी लांब. एकाच ठिकाणी सारखं टोचून शीर फुगते आणि पातळ होते म्हणून जागा शिडीसारखी वर सरकवत न्यायची. काढताना सुई पूर्ण बाहेर येईपर्यंत वरून दाबायचं नाही, धारेने शीर आतून कापते, बाहेर आली की मग दोन बोटांनी दाबायचं.

किमोच्या पेशंटला छातीत कातडीखाली पोर्ट असतो, म्हणजे मोठ्या शिरेशी नळीने जोडलेली सिलिकॉनच्या पडद्याची डबी, त्याला साधी सुई चालत नाही, ती पडद्यातून सिलिकॉनचा तुकडा काढते आणि पोर्ट गळायला लागतो. त्याला ह्यूबर सुई, वाकडं टोक, १९ ते २२ गेज, ती पडदा कापत नाही, बाजूला सारते. सतत लावलेली असेल तर दर सात दिवसांनी बदलायची, फ्लश १० मिली किंवा मोठ्या सिरिंजने, लहान सिरिंजमध्ये दाब जास्त तयार होतो. औषध सोडायच्या आधी रक्त मागे येतंय का बघितल्याशिवाय काही सोडायचं नाही.

पाठीच्या सुया आपण टोचत नाही पण ट्रे आपणच लावतो म्हणून माहीत पाहिजेत. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, ते क्विंके यांनी १८९१ मध्ये केलं आणि त्यांच्या नावाची धारदार टोकाची सुई अजून आहे. १८९८ मध्ये ऑगस्ट बीयर यांनी पाठीतून भूल दिली आणि स्वतःवर प्रयोग करून घेतल्यावर त्यांचंच डोकं कित्येक दिवस उठून बसलं की दुखायचं. तेच दुखणं आजही होतं, भोकातून मणक्यातलं पाणी गळत राहतं म्हणून, आणि म्हणूनच पेन्सिलीसारख्या टोकाच्या व्हिटेकर आणि स्प्रॉट सुया आल्या, त्या पडदा कापण्यापेक्षा तंतू बाजूला करतात. भुलेला २५ ते २७, पाणी काढायला बऱ्याचदा २२. आत एक तार असते, स्टायलेट, ती घालूनच टोचायचं कारण नाहीतर कातडीचा कण आत जातो आणि पुढे त्याची गाठ होऊ शकते. एपिड्युरल म्हणजे मणक्यातल्या पडद्याच्या बाहेर दिलेली भूल, तिची टुओही सुई १६ ते १८, जाड, टोक वाकलेलं, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा, त्यातून बारीक कॅथेटर सरकवतात. तुझं काम पेशंटला पाठ वाकवून धरणं, त्याच्याशी बोलत राहणं, आणि दुसऱ्या दिवशी "बसल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं का" हे नेमकं विचारणं.

शीर सापडतच नाही आणि पेशंट जातोय अशा वेळी हाडात जाणारी इंट्राऑसियस सुई, साधारण १५ गेज, बहुतेक गुडघ्याखाली नडगीच्या सपाट जागेत, सगळी औषधं त्यातून जातात, पण २४ तासांच्या आत काढायची. बोन मॅरोची जमशिदी सुई, बायोप्सीची ट्रू-कट, गाठीतून पेशी काढायला २२ ते २५ची साधी सुई, सेंट्रल लाईनच्या किटमधली १८ची, हे ट्रेवर ओळखता आलं की तुझ्या वर्षाला पुरे. टाक्यांच्या सुयांचं थोडक्यात, कातडीला कटिंग, आतड्याला आणि मऊ भागाला राउंड बॉडी, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सुयांची मोजणी जुळली नाही तर पोट बंद होऊ द्यायचं नाही, सर्जन कितीही घाई करोत.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कोणीतरी चादरीत विसरलेली सुई मला एकदा बेड आवरताना बोटात गेली, कुठल्या पेशंटची तेही कळलं नाही, पुढचे तीन महिने मी घरी कोणाला सांगितलं नाही आणि धड झोपले नाही. म्हणून ऐक, वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, लावावंच लागलं तर टोपण टेबलावर ठेवून एका हाताने सुईने उचलायचं. डबा पेशंटच्या बेडजवळ न्यायचा, सुई घेऊन वॉर्डभर फिरायचं नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. जिने टोचलं तिनेच टाकायची, दुसऱ्यावर सोडायची नाही.

आणि लागलीच तर पिळत बसू नको, तोंडात बोट घालू नको, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, आणि काम सोडून लगेच इनचार्जला सांग. एचआयव्हीचा धोका अशा एका टोचण्यात साधारण ०.३ टक्के असतो, हिपॅटायटिस सीचा २ टक्क्यांच्या आत, पण हिपॅटायटिस बीचा लस न घेतलेल्याला ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितक्या तासांत सुरू होतील तितकं चांगलं, ७२ तासांच्या पुढे उपयोग राहत नाही, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायची. लाजून ड्युटी संपायची वाट बघत बसू नको.

तुझे हिपॅटायटिस बीचे तीनही डोस झालेत का, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून १० च्या वर आल्यात का, ते मला कळव.